हात बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

[दृश्य : पैठण. माग. पदरावर अर्धा विणलेला मोर.]

मोराच्या मानेपाशी हिरवा संपतो, निळा सुरू होतो. तिथं दोन तिल्ल्यांचे, म्हणजे रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्यांचे, धागे एकमेकांत अडकवावे लागतात. राहिलं, तर दोन रंगांमधे उभी फट पडते. बाणा, म्हणजे आडवा धागा, जास्त ओढला, तर काठ आत येतो. फणीचा ठोका कधी हलका, कधी जड बसला, तर मान कुठं लांबट होते, कुठं आखूड. शिकाऊ माणसाकडून हे तिन्ही होतं. मुरलेला विणकर बोलता बोलता विणतो. हात बसलाय त्याचा, असं आपण म्हणतो. बसतो तो मेंदूत.

सुरुवातीला कपाळामागचा मेंदू एकेका हालचालीवर नजर ठेवून असतो. म्हणून शिकाऊ माणसाला मधेच काही विचारलं की तिल्ली चुकते. सरावानं हा भार उतरतो. उचल, ओव, अडकव, सोड या सुट्या हालचालींची एक साखळी होते, आणि ती चालवण्याचं बरंचसं काम मेंदूत खोलवर असलेल्या पेशींच्या पुंजक्यांकडं, बेसल गँग्लियाकडं, जातं.

चूक पकडतो तो लहान मेंदू. नावाला लहान, मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज तिथंच आहेत. हात कुठं जायला हवा होता आणि गेला कुठं, यातला फरक तो मोजतो आणि पुढची हालचाल सुधारतो. फरक लगेच कळला तरच हे नीट साधतं. दहा ओळी विणून झाल्यावर फट दाखवली, तर कापड उसवता येतं, पण ती हालचाल तोवर मागं पडलेली असते.

[दृश्य : बोटं, अगदी जवळून.]

१९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अंगठ्याला बाकीची बोटं ठरावीक क्रमानं टेकवायची, रोज १० ते २० मिनिटं. काही आठवड्यांत त्या क्रमासाठी, मेंदूतल्या हालचाली चालवणाऱ्या पट्ट्याचा जास्त भाग कामाला लागू लागला. तोच क्रम उलटा करायला सांगितला, तेव्हा मात्र सरावाचा फायदा मिळाला नाही. मेंदू नेमकं तेच शिकतो, जे हात करतो. चुकीची गाठ शंभरदा मारली, तर तीही तितकीच पक्की होते.

२००४ मध्ये तीन चेंडू एकामागून एक उडवून झेलायला शिकलेल्यांचे मेंदू तपासले. तीन महिन्यांत, हलणारी वस्तू टिपणाऱ्या भागात करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा थर, वाढलेलं दिसलं. सराव थांबल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ते पुन्हा घटलं. २००९ मध्ये चेंडूंच्या अशाच सहा आठवड्यांच्या सरावानंतर पांढऱ्या द्रव्यातही बदल आढळला. पांढरं द्रव्य म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तारा. त्यांच्यावरचं मायलिनचं, म्हणजे एका स्निग्ध पदार्थाचं, वेष्टण चांगलं असेल, तर संदेश वेगानं आणि वेळेवर पोचतो. डावा हात, उजवा हात आणि पावडीवरचा पाय एकत्र चालवायचे, तर हीच वेळ सांभाळावी लागते.

मग शिकवायचं कसं? आधी एकच कोयरी, दोनच रंग. वेग इतका कमी, की गाठ चुकणारच नाही. प्रत्येक ओळ झाली की तिथल्या तिथं बोट फिरवून फट बघायची. सलग चार तास एकदाच बसण्यापेक्षा तेच तास दिवसांवर वाटून बसणं जास्त टिकतं. आणि रात्रीची झोप मोडायची नाही. बोटांच्या अशाच सरावात, मधे काहीही न करता, झोपेनंतर वेग वाढलेला आढळला आहे. वेग मागून येतो. शिकवणाऱ्यानं घाई केली, तर वेगाबरोबर चूकही मुरते.

अतिसरावाचा धोकाही खराच आहे. वाद्य वाजवणाऱ्या काहींच्या मेंदूत शेजारच्या बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळतात. वाजवायला घेतलं की बोटं आपोआप आखडतात. तेव्हा आणखी जोर लावून उपयोग नसतो. विणतानाही बोट आखडायला लागलं, की तिल्ली खाली ठेवायची.

[दृश्य : बरेच दिवस बंद असलेला माग. ताणा, म्हणजे उभे धागे, पुन्हा भरला जातोय.]

खंड पडला की पहिल्या दिवशी हात अडखळतो. पण शिकायला लागला होता तेवढा वेळ आता लागत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की शिकताना चेतापेशींवर फुटलेले नवे अंकुर बहुतेक गळून जातात, थोडे मात्र सराव थांबल्यावरही महिनोन्‌महिने राहतात.

[दृश्य : तिल्ली. पहिली गाठ.]