आवाज गिळणारा फ्लोअर

मंडळी, मला ‘नाटक आणि सिनेमा’ असा भारदस्त विषय दिलाय. त्यातला मी एवढासाच तुकडा उचलणार आहे: माझ्या मित्राचा एक प्रयोग, तोही पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत. मित्राचं नाव सांगत नाही. तिसऱ्या रांगेत बसलाय, उगाच लाजेल.

हा गडी वीस वर्षं दशावतारात राजाची कामं करतो. म्हणजे काय, ते वेंगुर्ल्यात मी सांगायला नको. हातात संहिता नाही, देवळापुढे एक बाकडं, तेच सिंहासन आणि तोच रथ. पेटी-पखवाज-झांजेच्या वरताण आवाज लावायचा, तो खाज्याच्या दुकानापर्यंत पोचला पाहिजे. आता माईक आले, पण याचा गळा माईकच्या आधीचा. तर अशा माणसाला पुण्यातल्या मुलांनी दोनपात्री नाटकात घेतलं.

मी कुडाळहून रातराणीने निघालो. कोल्हापूरला गाडी चहाला थांबली, तेव्हा मनात आलं, प्रभातही याच वाटेने गेली की! 1929 मध्ये कंपनी कोल्हापुरात निघाली, 1933 मध्ये पुण्याला हलली. माणसं बरीचशी नाटकाच्या मांडवाखालून आलेली. कंपनी काढणाऱ्यांचे गुरू बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले, आणि शांताराम लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते. कंपनी 1953 मध्ये बंद पडली. 1960 पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

आत शिरलो आणि सवयीने एक टाळी वाजवून बघितली. सभागृहात गेलो की मी वाजवतोच, घरचे चिडतात. टाळी वाजली आणि तिथेच मेली. बोलपटाचा फ्लोअर, म्हणजे चित्रीकरणाचा हॉल, मुद्दाम तसा केलेला असतो. माईकला नटाचा आवाज हवा, भिंतीवरून परत आलेला नको. आवाज घुमला की शब्दावर शब्द चढतो, म्हणून भिंतींना तो शोषून घेणारं अस्तर. आपला सभामंडप याच्या बरोब्बर उलटा. दगड आवाज परत देतो, आणि त्यावरून नटाला कळतं की आपण पोचलो.

मित्राला ते कळेना. पहिली पंधरा मिनिटं तो नुसता ओरडत होता. आवाज परत येत नाही म्हटल्यावर आणखी वर, आणखी वर. मानेच्या शिरा दिसत होत्या. खरं सांगतो, मला संकोच वाटला. शेजारच्या दोन मुली एकमेकींकडे बघत होत्या.

मग एक प्रसंग आला. नाटकातला बाप पावसातून घरी येतो. त्याने छत्री मिटली, झटकली. मंडळी, कापडाचा तो फटकारा, मग तारांची किरकिर, मग मूठ खुंटीला अडकल्याचा टक्! नाटकघरात मी कधी छत्री ऐकली नव्हती. त्यालाही ती ऐकू आली असावी, कारण पुढचं वाक्य तो जवळजवळ पुटपुटला. मुली पुढे सरकून बसल्या.

याच कंपनीने 1934 मध्ये ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहनचा एकच डोळा पडदाभर दाखवला होता. डोळा लांबूनही दिसावा म्हणून काजळ फासणाऱ्या आपल्या राजाला हे गणित उलटंच. नाटकात नटाने पोचायचं असतं, सिनेमात यंत्र त्याच्यापर्यंत येतं. पण त्या रात्री कॅमेराही नव्हता नि माईकही. आम्ही शे-दीडशे माणसंच कान लावून बसलो होतो. नाटक म्हणून संहिता बेताचीच होती, शेवट तर ताणलेला. ती छत्री मात्र अजून ऐकू येते.

बाहेर आल्यावर हा घामाघूम. म्हणाला, “माझो आवाज खंय गेलो, ताच कळना नाय. मेल्या, तू शेवटच्या रांगेत होतस, तुका ऐकाक इला?”

मी म्हटलं, “छत्रीसुद्धा ऐकाक इली.”

गेल्या कार्तिकात आमच्या जत्रेत हाच राजा होता. रात्री दीडला, मेकअप चढवून, किरीट काखेत धरून, पडद्यामागून मला हाक मारली. मला वाटलं पाणी हवंय. म्हणतो कसा, “त्या माईकवाल्याक सांग, वायच कमी कर.”