बाण छापलेली चार अक्षरं

नमस्कार श्रोतेहो. आज जुन्या टर्मिनलविषयी बोलायचंय. टर्मिनल म्हणजे फक्त पडदा आणि कीबोर्ड. खरा संगणक दुसऱ्या खोलीत, नाहीतर दुसऱ्या गावात. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं. लक्षात असू द्या, २४ ओळी, ८० अक्षरं.

मला फार आवडतं ते १९७६ सालचं एडीएम-३ए. त्याला बाणांची वेगळी बटणंच नव्हती. बाण छापलेले होते एच, जे, के, एल या अक्षरांवर. हीच अक्षरं का? तर कंट्रोल बटण धरून एच दाबलं की संगणकाच्या ठरीव संकेतांपैकी आठ क्रमांकाचा जायचा, म्हणजे एक अक्षर मागे. कंट्रोल आणि जे म्हणजे दहावा, एक ओळ खाली. हे संकेत आधीपासून ठरलेले. मग वरचा आणि उजवा बाण शेजारच्या के आणि एलवर बसवला.

आता अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातला विद्यार्थी बिल जॉय. त्याच्या घरी हेच टर्मिनल, टेलिफोनच्या तारेनं जोडलेलं. वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. २४ ओळी, ८० अक्षरं, म्हणजे पूर्ण पडदा भरायला मिनिटाहून जास्त! अशा वेळी लांबलचक आज्ञा कोण टाइप करणार? त्यानं व्हीआय हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-बदलायचा प्रोग्रॅम, लिहिला तो एकेका अक्षराच्या आज्ञांचा. आणि कर्सर हलवायला? बाण समोर छापलेलेच होते. एच, जे, के, एल! ते टर्मिनल केव्हाच बाजारातून गेलं, पण आजही प्रोग्रॅमर याच चार अक्षरांनी कर्सर हलवतात. किती सुंदर गोष्ट आहे ही!

त्या कीबोर्डवर आजच्या कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल होतं. माझं तर ठाम मत आहे, करंगळीशेजारची ही मोक्याची जागा कॅप्स लॉकला द्यायलाच नको होती. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलेला मजकूर वाचवतो तरी कुणाला?

आयबीएमचा १९८५चा मॉडेल एम तुम्ही कधी वापरलात का? बटण दाबत जा, आतली स्प्रिंग एका क्षणी आडवी वाकते आणि खट्! नेमकं त्याच क्षणी अक्षर उमटतं. बोटाला कळतं, पडद्याकडे बघावंच लागत नाही. चपट्या लॅपटॉपवर हे सुख नाही.

घरात, कचेरीत असा कीबोर्ड धूळ खात पडला असेल तर मोडीत घालू नका. संकेत बदलून देणारा यूएसबी कन्व्हर्टर लावला की तो आजही चालतो. मात्र नुसती पिन बदलणारा जोड घेऊ नका, संकेत बदलणाराच घ्या.