सोनोग्राफीत गाठ निघाली म्हणजे

नमस्कार, मायबहिणींनो.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवून बाई दवाखान्यात येते, तेव्हा तिला फार घोर लागलेला असतो. यवतमाळकडच्या एका ताईने रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टरबाई, माह्या पिशवीत गाठ निघाली म्हन्ते जी. आता पिशवी काढाच लागन काय?"

मी विचारलं, सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली? कारण तिची गाठ गर्भपिशवीत नव्हतीच, अंडाशयात होती. तिथे दर महिन्याला पाण्याचा एक फुगा वाढतो, साधारण 2 सेंटीमीटरचा होऊन फुटतो आणि बीज बाहेर पडतं. कधी तो फुटत नाही, वाढत राहतो. रिपोर्टात त्याला 'सिम्पल सिस्ट' लिहितात. पाळी चालू असलेल्या बाईत, पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी असलेली, 5 सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जाते.

'फायब्रॉइड' म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती कर्करोगाची असणं फार दुर्मिळ. त्रास नसेल तर तिला हात लावायची गरज नसते. अंगावरून खूप जाऊन रक्त कमी होत असेल, तर आधी औषधाचे उपाय आहेत. 'बल्की युटेरस' या शब्दाने तर उगाच धडकी भरते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच.

मात्र पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी अंगावर काढू नका. अशा वेळी गर्भाशयाचं आतलं अस्तर 4 मिलीमीटरपेक्षा जाड असेल, तर त्याचा तुकडा तपासायला हवा. अंडाशयाच्या गाठीत घट्ट भाग किंवा जाड पडदे लिहिले असतील, तरी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. एका बाजूला अचानक असह्य कळ येऊन उलट्या होत असतील, किंवा पाळी चुकून पोटात दुखत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

कुणी लगेच पिशवी काढायला सांगितलं, तर विचारा: दुसरा उपाय आहे का? अंडाशय ठेवणार की तेही काढणार? कमी वयात अंडाशय गेले की हाडं लवकर ठिसूळ होतात. विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. विचारायला अजिबात संकोचू नका.

आणि जुना रिपोर्ट फेकू नका. गाठ वाढली की आटली, हे मला त्या कागदावरूनच कळतं.