पद्मिनी घाट का चढत नाही?

[दृश्य: गॅरेज. बॉनेट वर केलेलं. इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू, थरथरतंय.]

जरा कान देऊन ऐका. चार सिलिंडर नीट पेटत असतील तर आवाज सलग येतो. इथे मधेच एक ठोका गळतोय. तीन ठोके, मग एक रिकामी जागा, पुन्हा तीन ठोके. गॅरेजमध्ये म्हणतात, गाडी मिसिंग मारतेय.

ही प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डी बनू लागली, तिचंच पुढचं नाव. इंजिन १०८९ सीसी, एक कार्ब्युरेटर, एक डेल्को (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर), गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे निघून गेली. पण घरोघरी सांभाळलेल्या पद्मिनी अजून धावतात, आणि अधूनमधून अशा थरथरत गॅरेजला येतात. सेन्सर नाही, संगणक नाही, त्यामुळे स्कॅनर लावायला जागाच नाही. शोध हाताने, कानाने आणि दोन-तीन गेजनी घ्यायचा.

मालकाचं गाऱ्हाणं साधारण असं असतं: स्लोवर मिसिंग आहे, आणि घाटात गाडी उठत नाही. ऐकणारा लगेच एक गुन्हेगार शोधायला लागतो. पण या दोन तक्रारी आहेत. स्लोवर गळणारा ठोका आणि घाटातली दमछाक यांचं मूळ एकच असेल असं धरून चालायला काहीच आधार नाही.

नेहमी होतं काय, तर नवे प्लग, नवे पॉइंट (डेल्कोत उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), कार्ब्युरेटरचा किट, सगळं एकदम बदललं जातं. गाडी चार दिवस बरी चालते. कशामुळे बरी झाली ते कोणालाच कळत नाही, आणि पुन्हा बिघडली की खर्च पहिल्यापासून. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याआधी मोजायचं.

[दृश्य: इन्सुलेटेड पक्कड. प्लगची वायर काढणारा हात.]

मोजणी सुरू होते फुकटात. इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर काढायची आणि ती बॉडीला अर्थ करायची. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन अडखळतं. ज्या सिलिंडरची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो आधीपासून मेलेला. समजा, तो निघाला तिसरा.

आता तिसरा का मेलाय? ठिणगी नाही, पेट्रोल नाही, की दाब नाही? चारही सिलिंडरना पेट्रोल एकाच कार्ब्युरेटरमधून मिळतं. तिथे दोष असता तर त्रास चौघांना झाला असता. एकटा सिलिंडर मरतो तेव्हा संशय त्याच्या प्लगवर, वायरवर, डेल्कोच्या टोपीतल्या त्याच्या खुंटीवर, मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटवर किंवा कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबावर. प्लग आणि वायर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून बघा. दोष सोबत सरकला तर सुटलात.

सरकला नाही तर कॉम्प्रेशन गेज आणा. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीची) वायर सोडलेली, आणि कोणीतरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरलेला. ही शेवटची अट गॅरेजांत सर्रास विसरली जाते. थ्रॉटल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची झडप, बंद असेल तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. स्टार्टर मारा, काटा वाढायचा थांबेपर्यंत. आकडा नेमका किती यापेक्षा चौघांत तफावत किती, हे महत्त्वाचं. बाकीचे तीन सिलिंडर १२० पौंडांच्या (पीएसआय) आसपास आणि तिसरा ८० वर, तर मग तुम्ही कितीही ट्यूनिंग करा, स्लो जुळणार नाही.

त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती पिस्टनच्या रिंगांमधून होती, ऑइलने ती थोडा वेळ बुजवली. आकडा हलला नाही तर गळती वर, वाल्वमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर हेड गॅस्केट दोघांच्या मधे फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

[दृश्य: पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी प्लगच्या भोकात.]

खात्री करायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो. पिस्टन वर, दोन्ही वाल्व बंद, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर. हवा हळूहळू सोडायची, नाहीतर क्रँक फिरते. मग कान लावा. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व. कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट. ऑइल टाकायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

जुन्या गाड्यांत अनेकदा एक्झॉस्ट वाल्व सापडतो. त्याची सीट, म्हणजे वाल्व जिथे टेकून बंद होतो ती कडा, वर्षानुवर्षं झिजते, वाल्व वर सरकत जातो आणि टॅपेटमधली (वाल्व आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामधली) फट कमी होत जाते. भारतात २००० सालापासून सगळीकडे फक्त शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं. हवेच्या दृष्टीने ते उत्तमच झालं. पण शिशामुळे जुन्या, नरम सीटना जे संरक्षण मिळायचं ते गेलं. फट संपली की गरम झाल्यावर लांबलेला वाल्व पूर्ण बसतच नाही. म्हणून गाडी सकाळी ठीक चालते आणि तापल्यावर ठोका गाळते. टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होणारे मालक भेटतात. खरं तर जुन्या इंजिनात टॅपेटचा आवाज अचानक बंद झाला, तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात घ्यायला हवा. थोडं वाजणारं टॅपेट परवडतं. गप्प बसलेलं टॅपेट वाल्व जाळतं.

फट कंपनीच्या मापाने सेट केली की पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. आकडा वर आला तर वाल्व अजून जळलेला नाही. नाही आला तर हेड उतरवा, वाल्व ग्राइंडिंग करा. इथे स्वस्तातला मार्ग नाही.

[दृश्य: खंबाटकी घाट. पद्मिनी तिसऱ्या गिअरमध्ये, मागे ट्रकची रांग.]

समजा स्लो आता सलग झाला. तरी घाटात गाडी झटके मारते.

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं, दाब वाढतो, आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल किंवा कंडेन्सर (पॉइंटना जोडलेला, त्यांच्या तोंडावरची ठिणगी शोषणारा भाग) स्लोवर निभावून नेतो, भार आला की हात टेकतो. त्यामुळे घाटातल्या झटक्यांचं खापर कार्ब्युरेटरवर फुटतं आणि चोर बऱ्याचदा इग्निशनमध्ये असतो. माझं मत विचाराल तर कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी उघडावा. त्याचे जेट विनाकारण काढून तारेने खरवडणारे हात मी पाहिलेत. एकदा भोक मोठं झालं की ते लहान होत नाही.

डेल्कोत आधी शाफ्ट हलवून बघा. बुश झिजला असेल तर शाफ्ट डुगडुगतो, पॉइंटची फट प्रत्येक फेरीला बदलते, आणि नवे पॉइंट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. शाफ्ट घट्ट असेल तर फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. फट बदलली की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, सरकतं, म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग. उलट क्रमाने केलं तर काम दोनदा. पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला तर कंडेन्सरवर संशय घ्या. टायमिंग मागे पडलं असेल तर गाडी ओढत नाही आणि तापतेही. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे सरकवणाऱ्या डबीची) नळी तोंडाने ओढून बघा. आतली प्लेट हलली नाही तर पडदा फाटलाय.

पावसाळ्यात आणखी एक काम. अंधार पडल्यावर दिवे मालवून इंजिन चालू करा आणि बॉनेटखाली बघा. तडकलेली टोपी आणि जुन्या वायरी निळ्या रेघांनी आपली जागा स्वतः दाखवतात.

[दृश्य: मे महिना. बोर घाटात रस्त्याकडेला उभी गाडी. पेट्रोल पंपावर ओलं फडकं.]

हे दृश्य जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कित्येकांनी पाहिलंय. या गाडीचा पेट्रोल पंप, गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणतात, इंजिनालाच चिकटलेला असतो. उन्हाळ्यात चढावर पेट्रोल तिथेच उकळून वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. ओलं फडकं टाकलं, दहा मिनिटं थांबलं, गाडी सुरू. निष्कर्ष काढला जातो, व्हेपर लॉक होता. पण त्या दहा मिनिटांत कॉइलही गार झालेली असते! तापल्यावर मरणारी कॉइल आणि उकळणारं पेट्रोल, दोघांची लक्षणं तंतोतंत जुळतात.

फरक ओळखायची वेळ एकच, गाडी बंद पडल्या क्षणी. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्ब्युरेटरच्या घशात बघत थ्रॉटल हाताने झटक्यात उघडा. पेट्रोलची पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय. झाकण परत लावा आणि पेट्रोलच्या वाफेपासून लांब, प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघा. पिचकारी आहे आणि ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. ठिणगी निळी, कडक, आणि घसा कोरडा, तर मागे टाकीकडे चला.

टाकीचं झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. टाकीत निर्वात होऊन पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. त्यानंतर टाकीतला गंज, फिल्टर, पंपाचा पडदा. हल्ली रबरी नळ्यांकडे जास्तच लक्ष द्या. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सर्वत्र मिळतं, आणि या गाडीचं रबर त्या इंधनासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल ओलावाही शोषतं. शिवाय त्याला हवा कमी लागते, जुना कार्ब्युरेटर स्वतःहून जुळवून घेत नाही, म्हणून मिश्रण पातळ पडतं. कार्ब्युरेटरला हात लावायची वेळ इथे येते, फार तर एक माप मोठ्या जेटसाठी.

काही वेळा इंजिन निर्दोष असतं. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून बॉनेटखाली बघा, थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतोय का. झिजलेल्या जोडांमुळे पाऊणच उघडणाऱ्या थ्रॉटलवर ‘इंजिन बसलं’ असा शिक्का बसलेला असतो. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघा. जड जात असेल तर ब्रेक चिकटतोय. आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. आणि महाबळेश्वरला जाऊन तक्रार करत असाल तर तिथली उंची सुमारे १३७२ मीटर आहे. हवा विरळ होऊन दहा-बारा टक्के ताकद तशीच जाते, ती कोणताही मेकॅनिक परत आणून देत नाही.

[दृश्य: पुन्हा घाट. तोच चढ, तोच गिअर.]

दुरुस्तीनंतरची चाचणी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये घ्यायची, गॅरेजच्या दारातल्या रेसवर नाही. चढाच्या मध्यात ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाच क्लच दाबा, चावी बंद करा, आणि गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या. चावी बंद करा म्हणजे फक्त इग्निशन. स्टिअरिंग लॉक होईल इतकी फिरवू नका. तशीच थांबलेली गाडी भाराखालचा रंग प्लगवर जपून ठेवते. गाडी कडेला लावून स्लोवर चालू ठेवली की तो रंग पुसला जातो.

चारही प्लग काढून एका रांगेत मांडा. फिकट तपकिरी असतील तर बॉनेट खाली करा. काळे, काजळलेले, तर मिश्रण दाट आहे. पांढरे पडले असतील तर आज पुढचा घाट चढू नका. पातळ मिश्रणावर ताणलं तर नुकताच वाचवलेला एक्झॉस्ट वाल्व जळतो.