लहान न होणाऱ्या गोष्टी

मित्रहो, रणगाडे, चिलखती गाड्या आणि लढाऊ विमाने यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधणे आणि रंगवणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या छंदाविषयी बोलणे निघाले की बहुधा हत्यारांची, रंगांची आणि कोणते किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) घ्यावे याची चर्चा होते. ती उपयोगाची असतेच, परंतु मी आज एकच प्रश्न घेऊन आपल्यासमोर उभा आहे. एखादे यंत्र बहात्तर पटींनी किंवा पस्तीस पटींनी लहान केले, तर त्याच्याबरोबर नेमके काय लहान होते आणि काय होत नाही? लांबी, रुंदी आणि उंची लहान होतात. ते काम साचा बनवणाऱ्याने आपल्यासाठी केलेले असते. प्रकाश मात्र लहान होत नाही. रंगाच्या थराची जाडी, धुळीचा कण, पृथ्वीचे ओढणे, यांपैकी काहीही आपल्या मेजावर पस्तीसपट आटून येत नाही. मॉडेल करणाऱ्याचे खरे कसब या न आटलेल्या गोष्टींशी झुंजण्यात खर्ची पडते, असे मला इतक्या वर्षांच्या कामानंतर ठामपणे वाटते.

प्रमाणे कशी ठरली, हे आधी थोडक्यात सांगतो. १:७२ या प्रमाणात मॉडेलवरचा एक इंच म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट, आणि १:४८ मध्ये पाव इंच म्हणजे एक फूट. फूट-इंचांत मोजणाऱ्या देशांना ही प्रमाणे सोयीची होती. १९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग’ या नावाने उडणारी विमाने विकणाऱ्यांनी १:७२ प्रमाणातली, सेल्युलोज ॲसिटेटची, न उडणारी विमाने बाजारात आणली आणि त्यांना ‘पेंग्विन’ असे समर्पक नाव दिले. पुढे महायुद्धात याच प्रमाणाला वेगळेच काम मिळाले. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १:७२ प्रमाणाची पाच लाख लाकडी विमाने करवून घेण्याची मोहीम काढली. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे आकृतीवरून ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी ती हवी होती. दहा मीटरवर धरलेले असे मॉडेल ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते, या साध्या हिशेबावर ते प्रशिक्षण उभे होते. हा हिशेब कृपया लक्षात ठेवावा, कारण रंगकामाकडे वळल्यावर तो पुन्हा लागणार आहे. युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक आले, १९५३ मध्ये एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पहिले किट आले, आणि हा छंद घरोघरी पोहोचला. रणगाड्यांच्या १:३५ या प्रमाणाचा उगम मात्र फूट-इंचांत नाही. १९६१ मध्ये तामिया या जपानी कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले, तेव्हा त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या नीट बसाव्यात अशा बेताने त्याचा आकार ठरवला गेला. नंतर मोजून पाहता ते प्रमाण साधारण १:३५ भरले, आणि पुढे सगळ्या जगाने तेच स्वीकारले.

आता जाडीकडे येऊ. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, १:७२ मध्ये तो १५.६ सेंटिमीटर होतो आणि साच्यातून अचूक उतरतो. त्या पंखावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो, आणि त्याचा बहात्तरावा भाग प्लॅस्टिकमध्ये ओतणे शक्य नाही. जर्मन टायगर रणगाड्याचे समोरचे चिलखत १०० मिलिमीटरचे. १:३५ मध्ये ते जवळजवळ तीन मिलिमीटर होते, आणि तेवढी जाडी प्लॅस्टिकला सहज पेलते. त्याच रणगाड्याचा मडगार्ड मात्र साध्या पत्र्याचा असतो, आणि किटमधला मडगार्ड एक मिलिमीटर जाडीचा असेल तर प्रमाणात तो पस्तीस मिलिमीटरचा लोखंडी फळा झाला. म्हणून आपण त्याची कड आतल्या बाजूने कानसून बारीक करतो. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त कडच दिसते, आणि कड पातळ असली की सगळा पत्रा पातळ वाटतो. काही जण त्या जागी रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्याचे भाग बसवतात. तसे भाग मीही वापरतो, पण कानस आणि संयम यांनी जे साधते तिथे पितळ वापरण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

जोडणीविषयी एकच मुद्दा विस्ताराने सांगतो, तो सांध्यांचा. पॉलिस्टायरीनसाठी आपण जो सिमेंट (प्लॅस्टिक जोडण्याचे द्रावण) वापरतो, तो डिंकासारखा दोन भागांमध्ये बसून त्यांना धरत नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर तिथे एकसंध प्लॅस्टिक उरते. म्हणून कडा हलकेच दाबून सांध्यावर विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक रेघ वर येऊ द्यावी, किमान एक दिवस ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच पॉलिशपेपरने घासावी. घाई केली तर आतला मऊ भाग नंतर आक्रसतो आणि रंग दिल्यावर सांधा पुन्हा उमटतो. परंतु कोणता सांधा बुजवायचा आणि कोणता ठेवायचा, हे हाताला ठाऊक नसते, ते अभ्यासाने कळते. किटमधले विमानाचे धड बहुतेक वेळा डाव्या-उजव्या दोन अर्धुकांत येते आणि पाठीवरची रेघ बुजवायची असते, असे आपण शिकलेलो असतो. मात्र मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या धडाचा मागचा भाग कारखान्यातही डावा-उजवा असा दोन भागांतच घडवून जोडला जात असे, आणि खऱ्या विमानाच्या पाठीवर ती रेघ असतेच. मॉस्किटो या ब्रिटिश विमानाचे लाकडी धडही दोन अर्धुकांत बनत असे, पण ते जोडून, वर कापड चढवून रंगवल्यावर सांधा दिसत नसे. एकाच प्रकारची रेघ एका विमानावर राखायची आणि दुसऱ्यावर पुसायची. ज्याने खरे यंत्र कसे बांधले गेले हे वाचलेले नाही, तो कितीही सफाईदार हाताचा असला तरी इथे चुकतो.

आता प्रकाश. बाहेर उभ्या असलेल्या रणगाड्यावर सूर्य पडतो. सूर्य आकाशात अवघा अर्धा अंश जागा व्यापतो, त्यामुळे प्रत्येक बोल्टखाली, प्रत्येक झाकणाच्या कडेखाली काटेकोर आणि गडद सावली पडते. तेच यंत्र पस्तीसपट लहान करून आपण खोलीत ठेवतो, तेव्हा त्याच्यावर खिडकीचा किंवा छताखालच्या लांब दिव्याचा प्रकाश पडतो. मॉडेलच्या मानाने ही खिडकी अवाढव्य असते. तिचा प्रकाश सगळ्या बाजूंनी वळसा घालून येतो आणि सावल्या पुसट करून टाकतो. म्हणून नुसता एका रंगाने रंगवलेला रणगाडा, त्याचे आकार कितीही अचूक असले तरी, सपाट आणि खेळण्यासारखा दिसतो. खोलीतल्या प्रकाशाला जी सावली पाडता येत नाही, ती आपल्याला रंगाने पाडावी लागते. पातळ केलेला गडद रंग सांध्यांत आणि कोपऱ्यांत केशाकर्षणाने ओढला जातो, त्याला आपण वॉश म्हणतो. आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग घासतो, त्याला ड्रायब्रश. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन या मॉडेलकाराने मोनोग्राम या कंपनीच्या किटसोबत येणाऱ्या पत्रकांमधून अशा रीती सर्वसामान्य हौशी लोकांपर्यंत पोहोचवल्या, आणि त्यानंतर मॉडेलकडे पाहण्याची नजरच बदलली असे म्हणावे लागेल.

वॉशचा रंग काळा घेऊ नये. सावलीतला हिरवा हा काळा नसतो, तो अधिक गडद आणि किंचित मातकट हिरवा असतो; पिवळसर रंगावर तपकिरी वॉश चालतो, आणि पांढऱ्या पृष्ठभागावर करडा. विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांबाबत तर अधिकच जपावे. १:७२ च्या मॉडेलवर कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटर रुंद असली, तर खऱ्या विमानावर ती चौदा मिलिमीटरची फट झाली, आणि अशी फट असलेले विमान कोणी उडवणार नाही. ती रेघ काळ्या रंगाने भरून ठळक केली की विमानाचे फरशीकाम होते. तिथे मूळ रंगापेक्षा एकच छटा गडद रंग पुरतो.

रंगाच्या बाबतीत आणखी एक जुना वाद आहे. मूळ रंगाचा अगदी अचूक नमुना मिळवून मॉडेलला तोच दिला, तरी ते अधिक काळसर का दिसते? काही जण म्हणतात की दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट दिसतात, म्हणून मॉडेलही फिकट हवे. इथे मघाचा हिशेब लावून पाहू. १:७२ चे मॉडेल आपण तीस सेंटिमीटरवरून पाहतो, तेव्हा खरे विमान २१.६ मीटरवरून पाहिल्यासारखे होते. एवढ्या अंतरात स्वच्छ हवा रंगाला फारसे काही करत नाही. मला खरे कारण उजेडात दिसते. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो, आणि आपल्या खोलीत काही शे. गडद हिरवा रंग उन्हात ज्या तेजाने दिसतो, त्या तेजाने तो घरात दिसूच शकत नाही. म्हणून रंग थोडा उजळ करावा, हे मला मान्य आहे. परंतु तो सरसकट पांढऱ्याने उजळू नये. हिरव्यात पांढरा घातला की तो खडूसारखा आणि निळसर होतो. त्याऐवजी थोडा पिवळा किंवा वाळूचा रंग घालावा.

थराची जाडीही इथेच विचारात घ्यावी. रंगाचा दशांश मिलिमीटरचा थर १:७२ मध्ये सात मिलिमीटरचा गिलावा ठरतो आणि रिव्हेट गाडून टाकतो. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने, पातळ केलेल्या रंगाचे अनेक हलके हात देण्याचे कारण हेच आहे. डेकलचे, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या पातळ चित्रांचेही तसेच. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म रूपात खडबडीत असतो. त्यावर डेकल बसवले की खालच्या खळग्यांत हवा अडकते आणि पारदर्शक पातळ पडदा चंदेरी चमकू लागतो. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डेकल, मग ते मऊ करणारे द्रावण, आणि सगळ्यात शेवटी मॅट वार्निश, हा क्रम सोडू नये.

रंगयोजना निवडताना तारीख ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने वाहनांचा पायाभूत रंग गडद करड्यावरून गडद पिवळा केला. हिरवा आणि लालसर तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांकडे पोहोचत असे, आणि तो पाण्याने किंवा पेट्रोलने पातळ करून सैनिक स्वतःच्या हाताने मारत. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर थापले जाणारे झिमेरिट १९४३ च्या उत्तरार्धात आले आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाले. तेव्हा १९४२ चा करडा टायगर झिमेरिट थापलेला दाखवणे, ही रंगाची नव्हे तर इतिहासाची चूक आहे. तशीच गोष्ट ब्रिटिश लढाऊ विमानांची. १९४० च्या उन्हाळ्यातले स्पिटफायर वरून गडद हिरवे आणि मातकट तपकिरी असते. ऑगस्ट १९४१ पासून त्या तपकिरीची जागा समुद्री करड्याने घेतली, कारण लढाई आता इंग्लिश खाडीपलीकडे आणि अधिक उंचीवर होऊ लागली होती. जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे अवघ्या एक-दोन दिवसांत रंगवले गेले. एकइंजिनी विमानांवर प्रत्येक पट्टा अठरा इंच रुंद, म्हणजे १:७२ मध्ये ६.३५ मिलिमीटर. पुष्कळ ठिकाणी ते कुंचल्याने घाईघाईत मारलेले असल्यामुळे त्यांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, आणि चिकटपट्टी लावून काढलेली निर्दोष सरळ कड तिथे खोटी वाटते.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवतानाही सावध राहावे. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जाणवत नसे. तिच्यावर लाल काळा येतो, पिवळा काळवंडतो आणि निळा फिकट दिसतो. ब्रिटिश विमानाच्या वर्तुळाकार चिन्हातले पिवळे कडे अशा छायाचित्रात इतके गडद दिसते की ते पिवळे आहे यावर विश्वास बसत नाही.

आता धूळ आणि वजन. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण १:३५ मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा खडा होतो, म्हणून खरी माती मॉडेलला लावून ती खरी दिसत नाही; तिथे अतिशय बारीक वाटलेली रंगाची भुकटीच हवी. झीजही कुठेही दाखवून चालत नाही. स्पिटफायरच्या वैमानिकाचे दार डाव्या बाजूला असते, म्हणून रंग डाव्या पंखाच्या मुळाशी, पाय पडतो तिथे जास्त उडतो, आणि खाली दिसतो तो ॲल्युमिनियम. तिथे गंजाचा तपकिरी रंग देणे चूक. वजनाचा हिशेब तर घनाने चालतो. सत्तावन्न टनांचा टायगर तिन्ही दिशांनी पस्तीसपट लहान केला, तर त्याचे वजन सव्वा किलोहून थोडे अधिक भरायला हवे. प्लॅस्टिकचे मॉडेल त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. खऱ्या रणगाड्याच्या पोलादी पट्ट्याची वरची बाजू स्वतःच्या भाराने चाकांवर झोल खाऊन विसावते. मॉडेलचा हलका पट्टा ताठ उभा राहतो. मी तो पट्टा एकेका चाकावर थेंबभर गोंद लावून, वरून स्पंजचे तुकडे दाबून रात्रभर ठेवतो. तेवढा एक झोल आला की सगळा रणगाडा जमिनीवर टेकतो.

शेवटी राहतो माणूस. टायगरमध्ये पाच जण बसत, आणि १:३५ मध्ये त्यांतला प्रत्येक जण साधारण पाच सेंटिमीटरचा होतो. झाकणातून अर्धा बाहेर आलेला कमांडर बसवला की यंत्राचे आकारमान डोळ्याला एकदम उमगते, म्हणून मी शक्य तिथे आकृती ठेवतो. तिचा चेहरा रंगवताना बहुतेक जण बारीक कुंचल्याने डोळ्यांत पांढरे ठिपके देतात आणि त्यावर काळी बाहुली काढतात, आणि तो माणूस दचकल्यासारखा दिसू लागतो. तीस सेंटिमीटरवरून आपण त्याला साडेदहा मीटरवरून पाहत असतो. एवढ्या अंतरावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग आपल्याला वेगळा दिसत नाही. दिसते ती भुवयांखालची सावली. म्हणून मी डोळे काढत नाही. खोबणीत गडद तपकिरीची एक पातळ रेघ ओढतो, गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर थोडा उजेड देतो, आणि कुंचला धुऊन ठेवतो.