गिऱ्हाईक मागत नाही ते पण द्या

नमस्कार श्रोतेहो, राम राम. आज दुकानदारीबद्दल बोलायचंय आणि वायफायबद्दल पण. दोन्ही विषय मी मुद्दाम एकत्र घेतलेत कारण माझं कामच ते आहे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा ह्या भागातली हॉटेलं, लॉज, दवाखाने, कापडाची दुकानं, तिथे वायफाय बसवून द्यायचं, केबल ओढायची, राऊटर लावायचा, आणि काम चालू असताना मालकाशी गप्पा होतातच त्यात एक वाक्य हमखास येतं, भाऊ, गिऱ्हाईक खुश झालं पाहिजे. मला हे वाक्य मनापासून आवडतं. पण खुश म्हणजे नेमकं कशाने, हे आपण फारसं बोलत नाही, म्हणून आज ते बोलू.

आपल्याकडची शेवभाजी घ्या. हायवेवरच्या कुठल्याही हॉटेलात बसा, धुळ्याकडून या नाहीतर मुक्ताईनगरकडून, वाटीतला रस्सा संपत आला की पोऱ्या न विचारता रस्सा ओतून जातो, त्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी नाहीत. नाशिक-पुण्याचा पाहुणा पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला एकदम भारी वाटतं. आपल्याला काहीच वाटत नाही, आपण ते धरूनच चालतो, आणि एखाद्याने रश्शाचे वीस रुपये बिलात लावले तर मग बघा काय होतं ते, तो माणूस गावभर सांगत सुटतो. जपानमधले प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी 1984 मध्ये हीच गोष्ट नीट मांडून दाखवली होती. त्यांचं म्हणणं साधारण असं की काही गोष्टी असल्या तर कोणी कौतुक करत नाही पण नसल्या की भडका उडतो, काही गोष्टी जेवढ्या जास्त तेवढं बरं वाटतं, आणि काही गोष्टींची अपेक्षाच नसते त्या मिळाल्या की माणूस खुश होऊन जातो. आणि ह्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे आज ज्याने माणूस खुश होतो ते काही वर्षांनी त्याला हक्काचं वाटायला लागतं.

वायफायचं अगदी हेच झालं बघा. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनला रेल्वेच्या रेलटेल कंपनीने गुगलला सोबत घेऊन फुकट वायफाय सुरू केलं तेव्हा पेपरात बातमी होती, लोक नुसतं बघायला जात होते. आता भुसावळसारख्या जंक्शनवर पोरं गाडीतून उतरायच्या आधी फोनवर नेटवर्क शोधतात, आणि लागलं नाही तर चिडतात. म्हणजे दुकानात नुसतं फ्री वायफायची पाटी लावून आता कोणी भारावत नाही, ते दिवस गेले. मग त्याच्या पुढे काय देता येईल?

माझं उत्तर असं आहे की गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, जे त्याला मागता पण येत नाही, ते त्याला द्या. जळगावच्या सराफ बाजाराचंच बघा ना, विदर्भातून, मध्य प्रदेशातून लोक लग्नाचं सोनं घ्यायला इथे येतात ते कशासाठी, सोन्यात भेसळ आहे का नाही हे साध्या डोळ्याला कळत नाही पण इथल्या पेढीच्या शब्दावर त्यांचा भरवसा होता, कायद्याने हॉलमार्क लागू व्हायच्या कितीतरी आधीपासून. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक लागतो, तो बीआयएस केअर अॅपवर कोणीही तपासू शकतो. वायफायला असा कुठलाच शिक्का नाही. तुमच्या हॉटेलात बसून जो माणूस फोन उघडतो तो तुमच्या नावावर विसंबून उघडतो, त्याला राऊटरमधलं काही कळत नाही, आणि कळायची गरजही नाही, ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आता धोका नेमका कुठे असतो ते जरा खोलात सांगतो कारण ह्याबद्दल दोन टोकाच्या समजुती मला रोज ऐकायला मिळतात. एक म्हणजे वायफायला हात लावला की बँक खाली, आणि दुसरी, काही होत नाही हो भाऊ, उगाच घाबरवतात. दोन्ही चूक आहेत. बिनपासवर्डचं वायफाय असेल तर फोन आणि राऊटर यांच्यामधली हवेतली देवाणघेवाण उघडी असते, शेजारच्या टेबलावरचा माणूस लॅपटॉपवर ती पकडू शकतो. 2010 मध्ये फायरशीप नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आलं होतं, फायरफॉक्स ब्राउझरमध्ये टाकायचं आणि त्याच वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात एका क्लिकवर घुसायचं, इतकं सोपं होतं ते. त्याने बराच गहजब झाला आणि हळूहळू सगळ्या मोठ्या वेबसाइट एचटीटीपीएसवर गेल्या, म्हणजे तुम्ही पाठवता ते आधीच कुलूप लावून जातं. बँकेची, यूपीआयची अॅप्स तर आपलं बोलणं स्वतःच कुलूपबंद करतात. म्हणून आज नुसतं चोरून ऐकणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही, हे खरं आहे.

पण चोर काही घरी बसला नाही, तो दुसऱ्या दाराने आला. तो तुमच्या हॉटेलच्या नावाचंच एक वायफाय स्वतःच्या फोनवरून चालू करतो. नाव तेच, स्पेलिंगमध्ये जेमतेम एका अक्षराचा फरक, सिग्नल जास्त, पासवर्ड नाही, आणि तुमचं गिऱ्हाईक आपणहून त्याला जोडलं जातं. मग पान उघडतं, वायफाय चालू करायला इथे जीमेलचा पासवर्ड टाका, इथे एक रुपया भरा, इथून अॅप उतरवून घ्या. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अॅप बसवणारी फाईल पाठवून फोन ताब्यात घेणारे लोक तुम्ही ऐकलेच असतील, तोच प्रकार वायफायच्या पानावरून पण करता येतो. आणि ब्राउझरमध्ये ते कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून ती वेबसाइट खरी असं अजिबात नाही, कुलूप म्हणजे फक्त रस्त्यात कोणी ऐकत नाही, समोर बसलेला प्रामाणिक आहे का लबाड हे कुलूप सांगत नाही.

रेल्वेच्या वायफायला मोबाईल नंबर आणि ओटीपी लागतो, रेलवायर नावाने ते चालतं, रोजचा पहिला अर्धा तास फुकट. तिथे ओटीपी टाकणं योग्यच आहे. त्यामुळे वायफायवर ओटीपी टाकू नका असं मी सरसकट म्हणणार नाही, पण मेसेज पूर्ण वाचा, तो ओटीपी कशासाठी आलाय ते त्यातच लिहिलेलं असतं. वायफायचं पान ओटीपी मागतंय आणि मेसेज बँकेचा आलाय, अमुक रुपयांचा आलाय, तर तिथेच थांबा. आणि यूपीआयचा पिन फक्त पैसे पाठवायला किंवा बॅलन्स बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण दोन-दोनदा सांगून ठेवा.

प्रवासातल्या माणसाने आपल्यापुरतं काय करायचं ते थोडक्यात सांगतो. बँकेचं काम असेल तर वायफाय बंद करून मोबाईल डेटा वापरा, आता डेटा काही एवढा महाग राहिलेला नाही. फोनमधलं आपोआप जोडलं जाण्याचं सेटिंग बंद करा, बाहेरून आल्यावर ते नेटवर्क फोनमधून काढून टाका, आणि ब्राउझरने सर्टिफिकेटची, म्हणजे ह्या वेबसाइटची ओळख पटत नाही अशी लाल सूचना दाखवली तर पुढे जाऊ नका, मग काम कितीही घाईचं असो. फुकटचं व्हीपीएन अॅप, म्हणजे आपलं सगळं इंटरनेट एका मधल्या कंपनीमार्फत नेणारं अॅप, मी कोणालाच सुचवत नाही, सगळा कारभार त्या अनोळखी कंपनीच्या हातात देण्यापेक्षा आपला डेटा बरा.

आता दुकानदार मंडळी, तुमच्यासाठी जरा जास्त वेळ घेतो.

सगळ्यात आधी राऊटरचा आतला पासवर्ड. वायफायला जोडायचा तो वेगळा, मी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायच्या पासवर्डबद्दल बोलतोय, तो कितीतरी ठिकाणी अजून अॅडमिन आणि अॅडमिन असाच सापडतो, कंपनीतून आला तसा. म्हणजे तुमचा वायफाय पासवर्ड माहीत असलेला कोणीही माणूस आत जाऊन सगळ्यांचं इंटरनेट तिसरीकडे वळवू शकतो, पत्ता बँकेचा टाकला तरी उघडेल ते भलतंच. हा पासवर्ड आजच बदला, दुकान बंद करायच्या आधी. डब्ल्यूपीएस नावाचं, पासवर्ड न टाकता फोन जोडून देणारं बटण-सेटिंग असतं ते बंद करा, आणि सॉफ्टवेअर अपडेट आलेलं असेल तर ते करून घ्या.

दुसरं, गिऱ्हाइकाचं वायफाय आणि तुमच्या बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा डबा हे एकाच नेटवर्कवर ठेवू नका. बहुतेक राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क म्हणून सोय असते, ती चालू करायची. त्यातच एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन असं एक सेटिंग मिळतं, ते चालू केलं की एकाच वायफायवरचे दोन फोन एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत. फुकटचं सेटिंग आहे हो, एक टिक करायची, पण ते कोणी करत नाही, आणि माझा सगळा आग्रह खरं तर ह्याच्यासाठी आहे, कारण हे गिऱ्हाईक कधीच मागणार नाही, त्याला ह्याचं नाव पण माहीत नाही. नवीन राऊटर घेत असाल तर डब्ल्यूपीए थ्री आहे का विचारा, 2018 मध्ये आलेला वायफायच्या कुलपाचा प्रकार आहे तो. जुन्या डब्ल्यूपीए टू मध्ये सगळ्यांचा पासवर्ड एकच असला की तो माहीत असलेला माणूस दुसऱ्याचं पकडलेलं बोलणं उलगडू शकतो, थ्री मध्ये तसं होत नाही.

तिसरं म्हणजे पाटी. गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या वायफायचं नाव हे, पासवर्ड हा, आम्ही दुसरं काही मागत नाही. एवढ्या एका पाटीने नकली वायफायवाल्याचं निम्मं काम बिघडतं. क्यूआर कोड चिकटवला असेल, वायफायचा असो नाहीतर पेमेंटचा, रोज सकाळी दुकान उघडताना त्यावर नखाने खरवडून बघा की वर दुसऱ्याचं स्टिकर तर नाही ना. नोकर माणसांना पण हे सांगा, म्हणजे कोणी विचारलं की भाऊ, इथे दोन नावं दिसताहेत, कोणतं जोडू, तर पोरगा गोंधळणार नाही.

आणि मोबाईल नंबर. वायफाय देतो म्हणून नंबर घ्यायचा आणि मग दिवाळीपासून होळीपर्यंत ऑफरचे मेसेज मारायचे, ह्याला सेवा म्हणत नाहीत. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण हेच सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा आणि माणसाला विचारून घ्या. वहीत नंबर लिहून ती वही काउंटरवर उघडी टाकणारे पण आहेत, पोरीबाळींचे नंबर असतात हो त्यात, कृपा करून असं करू नका. ज्यांना वायफाय रीतसर वाटायचंय, विकायचंय, त्यांच्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली केंद्र सरकारची पीएम-वाणी योजना आहे, चहाची टपरी असो की किराणा दुकान, त्याला वेगळं लायसन्स लागत नाही आणि नोंदणी, ओळख हे सगळं एका ठरलेल्या पद्धतीने होतं.

एवढं करून पण एखाद्या गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि तो घाबरून तुमच्याच गल्ल्याशी आला, तर माझं वायफाय नाही हो असं म्हणून त्याला झटकू नका. त्याला खुर्ची द्या, तुमच्या फोनवरून 1930 लावून द्या, तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त, मग बँकेला कळवायचं आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकायची. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना आपली, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान गिऱ्हाइकावर येत नाही. पण ओटीपी स्वतःच दिलेला असेल तर कळवेपर्यंत जे गेलं ते आपलंच, म्हणून सकाळी बघू असं म्हणायचं नाही, रात्री अकरा वाजले असले तरी आत्ताच फोन करायचा. तुमच्या त्या पाटीवर वायफायच्या नावाखाली 1930 पण ठळक लिहून ठेवा, आणि त्याच्या खाली सरळ अहिराणीत लिहा, कोनलेबी ओटीपी सांगू नका. नमस्कार.