'नाही' म्हणायचे तीन प्रकार

(डोंबिवलीत वाचकांच्या एका छोट्या कार्यक्रमात एका शिक्षिकेने केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, अधलेमधले प्रश्न आणि हशा काढलाय.)

माइक राहू दे, वर्गात सत्तर पोरांवर आवाज चढवायची सवय आहे, मागपर्यंत जाईल.

विषय दिलाय "मत द्यायचं का, आणि द्यायचं तर कसं". कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, आणि पवित्र हक्क वगैरे पण बोलणार नाही, ते आमची मुलं २६ जानेवारीला पाठ करून म्हणतात, चांगलं म्हणतात. मी बोलणार ते मतदानाच्या खोलीच्या आतलं. आम्ही झेडपीचे शिक्षक, निवडणूक आली की आमच्या नावाची ऑर्डर येतेच, लग्न असो की बारसं. पाच निवडणुका झाल्या माझ्या, त्यात दोनदा केंद्राध्यक्ष. म्हणजे आदल्या दिवशी साहित्य वाटप, त्या गर्दीत आपलं मशीन शोधायचं, पेट्या घेऊन एसटीत बसायचं, रात्री शाळेच्या बाकावर झोप, आणि पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंट लोकांसमोर मॉक पोल. पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, मग मशीन क्लिअर करायचं, आणि सातला दार उघडायचं.

आता मुद्दा. सोसायटीत, ट्रेनमध्ये, स्टाफरूममध्ये सगळीकडे एकच वाक्य ऐकते मी, "सगळे सारखेच, मी नाही देणार". बरं, नका देऊ. पण "नाही" म्हणायचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचं कागदावर काय होतं ते मी बघितलंय.

पहिला प्रकार घरी बसायचं. किंवा गावी जायचं. २०२४ ला आपल्याकडे मतदान होतं २० मे, सोमवार. शनिवार रविवार सोमवार, वर आंब्याचा सीझन, शाळांना सुट्टी. कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्मे लोक आले. त्याच महाराष्ट्रात गडचिरोली-चिमूरला एकाहत्तर टक्क्यांच्या वर गेलं, जिथे कितीतरी केंद्रांवर दुपारी तीनलाच मतदान बंद करतात आणि निवडणूक कर्मचाऱ्यांच्या पार्ट्या हेलिकॉप्टरने न्याव्या लागतात. मी डोंबिवलीकरांना नावं ठेवत नाहीये हां, ऊन होतं, काही ठिकाणी रांगा हलत नव्हत्या, मोबाईल आत नेऊ देत नव्हते म्हणून माणसं परत गेली, हे सगळं खरं आहे. पण संध्याकाळी सहानंतर मी काय करते ते ऐका. मशीनचं क्लोज बटण दाबायचं आणि १७-सी नावाचा फॉर्म भरायचा. यादीत नावं किती, रजिस्टरमध्ये सह्या किती, मशीनमध्ये मतं किती. माझ्या एका केंद्रावर अकराशे नावं होती आणि मतं सहाशेच्या आत. उरलेले पाचशे कुठे गेले, चिडून नाही आले की झोपले होते की मुंबईला कामावर होते की वारले, याला त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. तुम्ही निषेध म्हणून घरी बसला असाल तर तो निषेध तुमच्या बायकोला माहीत, बाकी कोणाला नाही. पार्टीवाल्यांना तर आनंदच, तुमच्या दारात एक माणूस कमी पाठवावा लागला.

दुसरा प्रकार फार कमी लोकांना माहीत आहे. मुरबाडकडच्या एका गावात एक काका आले, पांढरा शर्ट, इस्त्रीचा, खास निवडणुकीसाठी घातलेला. नाव पुकारलं, बोटाला शाई लावली, रजिस्टरमध्ये सही केली, आणि म्हणाले, "मॅडम, मला मत द्यायचं नाही." म्हटलं काका, आत नोटा आहे, 'वरीलपैकी कोणीही नाही', शेवटचं बटण. म्हणाले, "नोटा पण नको. मी आलो होतो आणि दिलं नाही, असं लिहा." मी चक्रावले, पुस्तिका काढली, तर आहे नियम, ४९-ओ. रजिस्टरमध्ये त्यांच्या सहीपुढे शेरा मारायचा, मत द्यायला नकार दिला, आणि त्यावर परत त्यांची सही घ्यायची. आणि १७-सी मध्ये यांच्यासाठी मात्र रकाना आहे बरं का, अशी माणसं किती. मी तिथे १ लिहिला. आयुष्यात एकदाच लिहिलाय. पण गोम अशी की खोलीत बसलेल्या चारही एजंटना कळलं ना, की काकांनी कोणालाच दिलं नाही. गावात राहायचंय त्यांना. पाणीपुरवठा कोणाच्या हातात आहे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून तर तिसरा प्रकार आला. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१३ ला सांगितलं की नाही म्हणणाऱ्याला पण गुप्तता पाहिजे, मशीनवर बटण द्या. तो नोटा. तो मोजला जातो, निकालाच्या कागदावर आकडा छापून येतो. फक्त त्याने होत काही नाही. २०२४ ला इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला, तेव्हा दोन लाख अठरा हजारांवर लोकांनी नोटा दाबलं, आणि भाजपचे लालवानी अकरा लाखांपेक्षा जास्तने आले. आपल्याकडे लातूर ग्रामीणला २०१९ च्या विधानसभेत नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता. आला निवडून? नाही. समजा नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार आमदार किंवा खासदार होतो. आपल्या महापालिका, नगरपालिकांना वेगळं आहे, राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं की नोटाला सगळ्यात जास्त पडली तर फेरनिवडणूक. लोकसभेला ते नाही. आणि सुरतला तर २०२४ ला बाकीचे सगळे बाद झाले नाहीतर मागे सरले, एकच उरला, तो बिनविरोध, मतदानच झालं नाही, नोटा दाबायला पण मशीन आलं नाही.

मग एका मताने काय होतं? हा प्रश्न मला आवडत नाही कारण बहुतेक वेळा काहीच होत नाही, खरं उत्तर तेच आहे, लाख लाख मतांनी निवडून येतात लोक. पण कुठल्या वर्षी कुठली जागा अटीतटीची होणार हे आधी कोणाला माहीत असतं? मुंबई उत्तर-पश्चिम, २०२४, वायकर जिंकले, कीर्तिकर हरले, फरक ४८ मतांचा. आमच्या शाळेची एक तुकडी पण भरत नाही. त्याच जागी नोटाला पंधरा हजारांवर मतं. त्या पंधरा हजारांनी चूक केली असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांना दोघंही नको असतील. पण ज्याला दोघांतला एक थोडा कमी नको होता, आणि तरी तो त्या दिवशी अलिबागला होता, त्याला ४ जूनला, निकालाच्या दिवशी, काय वाटलं असेल ते मला विचारायचंय.

आता आपल्या खऱ्या जखमेवर येते. तुम्ही म्हणाल, मॅडम, आम्ही मत दिलं एका चिन्हाला आणि तो माणूस गेला दुसरीकडे. २०२२ ला शिवसेना, २०२३ ला राष्ट्रवादी. हे मला मुरबाडच्या ठाकरवाडीतल्या बाईने पण विचारलं आणि फडके रोडवरच्या सीएने पण विचारलं. माझ्याकडे गोड उत्तर नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, त्याच्या फटी सगळ्यांनी शोधल्या, कोर्टात वर्षं गेली. पण त्यातून "माणूस बघायचा की पक्ष" याचं थोडं उत्तर मिळतं. लोकसभेत मतदान होतं तेव्हा पक्षाचा व्हिप, म्हणजे आदेश, असतो, तुमचा खासदार कितीही सज्जन असो, व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे कायदा पास होताना तुम्ही निवडलेला असतो पक्ष. माणूस कुठे दिसतो? प्रश्न विचारताना, संसदेच्या स्थायी समितीत बसून बिलाची कलमं वाचताना, आणि पक्ष फुटतो त्या रात्री. तर दोन्ही बघा, पण कशासाठी काय बघतोय ते माहीत असू दे.

आणि देवा शप्पथ, खासदाराला गटारावरून जोखू नका. गटार महापालिकेचं. खासदार निधी वर्षाला पाच कोटी. आपल्या मतदारसंघात मतदार वीस लाखांवर, भागाकार करा, डोई पंचवीस रुपये पण येत नाहीत. वडापाव येईल एक. त्या पाच कोटीतल्या बाकड्यांवर आणि हायमास्टवर नाव वाचून आपण मत देतो, आणि लोकलच्या फेऱ्यांबद्दल, रेल्वेच्या बजेटबद्दल त्याने पाच वर्षांत तोंड उघडलं का हे बघत नाही. ते बघायला दिल्लीला जावं लागत नाही, लोकसभेच्या वेबसाइटवर कोणी काय प्रश्न विचारले ते पडलेलं असतं. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र पण आयोगाच्या साइटवर असतं, किती केसेस, किती जमीन, बायकोच्या नावावर किती, शिक्षण काय. मी दर वेळी पहिल्या तिघांची वाचते, एका रविवारचं काम आहे, सिरीयलपेक्षा मजा येते. गेल्या वेळचं आणि या वेळचं शेजारी ठेवून वाचा एकदा, पाच वर्षांत सोनं किती वाढलं ते बघा.

"कसं द्यायचं" हे लोकांना फालतू वाटतं, बटण तर दाबायचंय. ऐका मग. रायगड, २०१४. सुनील तटकरे हरले २,११० मतांनी, आणि सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उभा होता, त्याला ९,८४९ मतं. त्या लोकांना मत द्यायचं होतं, उन्हात उभे राहिले, आणि दिलं भलत्यालाच. पुढच्या वर्षापासून मशीनवर फोटो आले. तरी २०२४ ला साताऱ्यात तुतारी वाजवणारा माणूस एक चिन्ह आणि नुसती पिपाणी दुसरं चिन्ह, पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार पडली आणि तुतारीवाले, शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे पडले ३२,७७१ ने. दिंडोरीत पिपाणीला लाखाच्या वर. म्हणून आत गेल्यावर घाई करू नका. आधी मान्यताप्राप्त पक्षांची नावं, मग बाकीच्या नोंदणी झालेल्या पक्षांची, मग अपक्ष, असा क्रम असतो. नाव, फोटो, चिन्ह तिन्ही बघा, बटण दाबा, आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ती वाचा. मी दाराशी बसून बघते, दहातले सात जण बीप वाजायच्या आत वळलेले असतात.

तुमच्या नावावर आधीच कोणी देऊन गेलं असेल तर ओरडू नका, परत पण जाऊ नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा, कागदाची मतपत्रिका मिळते, वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर ते पाकीट उघडू शकतं. आणि सहाला एक मिनिट कमी असताना पोचलात तर रांगेत घुसा बिनधास्त. आम्ही चिठ्ठ्या वाटतो त्या शेपटाकडून, शेवटच्या माणसाला एक नंबर, म्हणजे त्याच्या मागे कोणी उभं राहू शकत नाही. हातात चिठ्ठी असली की रात्री नऊ वाजले तरी मत देऊनच जायचं.

हे सगळं करायचं ते नाव यादीत असेल तर. गंमत म्हणजे आपल्या इथे लोकांना मतदारसंघच माहीत नसतो, कल्याण पश्चिमेला राहणारा माणूस लोकसभेला भिवंडीचा मतदार आहे, आणि तो कल्याणच्या उमेदवारावर तावातावाने बोलत असतो. पहिल्या निवडणुकीत तर अठ्ठावीस लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून काढली होती, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेनांनी सांगितलं, असं चालणार नाही, नाव पाहिजे. माझी आजी त्यातली होती का ते विचारायचं राहून गेलं.

आणि मी तुम्हाला हे शिकवतेय तर माझं पण ऐका. २०१९ ला माझी ड्यूटी भिवंडी मतदारसंघात, मत कल्याणमध्ये. अशा वेळी पोस्टल मत मिळतं, त्यासाठी फॉर्म १२ ट्रेनिंगच्या वेळी भरून द्यायचा असतो. ट्रेनिंगला तो हातात दिला होता. दहावीचे पेपर घरी तपासायला होते, त्या गठ्ठ्याखाली तो गेला, सापडला तेव्हा तारीख उलटून गेलेली. २९ एप्रिलला मी दिवसभर सातशे लोकांची मतं घेतली, एकेकाच्या नावाखाली रेघ मारताना बघितली, आणि इथे डोंबिवलीत माझ्या नावाखाली काही नाही. कोणी ती यादी बघितली तर म्हणेल, बाई गावी गेली असेल आंबे खायला.

मघाशी या काकांनी पत्ता बदलल्याचं विचारलं होतं. नवीन नाव असेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला तर फॉर्म ८, दोन्हीकडे नाव ठेवू नका. मोबाईल द्या इकडे, भरूनच टाकू. चहा येईपर्यंत होतं.